कंपनी वेगळी करण्याआधी हिशेब वेगळे दाखवा: संचालक मंडळाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळातील सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलण्यासाठी मी आधीच नाव नोंदवलं होतं. सभा व्हिडिओवर होती. माझा नंबर एकविसावा लागला आणि दोन मिनिटं मिळाली. मी एकच प्रश्न विचारला: आपल्या गिरणीतून आपल्याच दुकानांत जाणारं पीठ कोणत्या भावाने जातं? सगळ्यांचं बोलून झाल्यावर तुम्ही एकत्र उत्तरं दिलीत, त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. नंतर ई-मेल केला. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. आणि आता तिमाही निकालांसोबत तुम्ही कळवलं आहे की दुकानांचा धंदा वेगळ्या कंपनीत काढावा का, याचा विचार मंडळ करत आहे. त्यामुळे तो लहानसा प्रश्न आता लहान राहिलेला नाही. तो सगळ्यांसमोर आणि नीट मांडावा म्हणून हे पत्र.

कंपनीचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. सही आणि डिमॅट खात्याच्या तपशिलासह पत्राची प्रत कंपनी सेक्रेटरींच्या कार्यालयात पोचली आहे, म्हणजे पत्र कुणाला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. इतरांनी ते आपापल्या कंपनीला लावून वाचलं तरी चालेल. खाद्यपदार्थ बनवायचे आणि दुकानंही चालवायची, अशी दोन्ही कामं करणाऱ्या कोणत्याही कंपनीला यातलं बरंचसं लागू पडतं.

पत्रात मी ‘आपली कंपनी’ असं लिहिणार आहे. ती तुमची आहे तशीच माझीही आहे, या अर्थाने. सासऱ्यांनी १९९४ साली फॉर्म भरून १०० शेअर घेतले, तेव्हा कंपनी फक्त तेल गाळत होती. एकास एक बोनस मिळाला, मग दहा रुपयांच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच झाले. असे त्यांचे हजार झाले, आणि पुढे मी दोनशे जोडले. ती जुनी सर्टिफिकेटं त्यांनी पितळी कड्यांच्या ट्रंकेत, घराच्या कागदपत्रांसोबत ठेवली होती. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद झालं, त्याच्या जेमतेम दोन महिने आधी मी ती डिमॅट करून घेतली. बाराशे शेअर म्हणजे तुमच्या लेखी काहीच नाही, हे मला समजतं. आमच्या घरात मात्र सोन्यानंतर सर्वांत जास्त वर्षं टिकलेली वस्तू तीच आहे.

आणि प्रश्न विचारण्याचं दुसरं कारण माझ्या नोकरीत आहे. सत्तावीस वर्षं मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात कॉस्टिंगला, म्हणजे मालाचा उत्पादनखर्च काढायच्या कामावर होते. आधी बसने, २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर रबाळ्यापर्यंत गाडीने. एका विभागाने दुसऱ्या विभागाला माल कोणत्या दराने द्यायचा, यावर तिथे दर एप्रिलमध्ये भांडणं व्हायची. दर दोन रुपयांनी हलला की एका विभागाच्या मॅनेजरचा बोनस वाढायचा आणि दुसऱ्याचा जायचा. कारखान्याच्या एकूण नफ्यात एका पैशाचा फरक पडत नसे. हे मी माझ्या हाताने लिहिलेल्या शीट्सवर पाहिलं आहे, म्हणून त्याची धास्ती मला आहे.

आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी ठाण्यातल्या मासुंदा तलावाला फेऱ्या मारतो आणि मग कुणाच्या तरी घरी चहाला बसतो. आपल्या कंपनीचे शेअर आमच्यापैकी पाच जणांकडे आहेत. तुमची घोषणा आल्यापासून दुसरा विषयच निघालेला नाही. पाच जणांची मतं पाच नसली तरी तीन नक्की आहेत, आणि ती तुम्हाला कळायला हवीत, कारण तुमच्या सादरीकरणात ‘गुंतवणूकदारांचा उत्तम प्रतिसाद’ एवढंच लिहिलेलं असतं.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचं म्हणणं, तेल-पीठ-मसाला हा कमावता मुलगा आणि दुकानं म्हणजे त्याच्या पगारावर शिकणारा धाकटा. किती वर्षं शिकवायचं? लाभांश गेली चार वर्षं तेवढाच आहे. शिवाय १ एप्रिल २०२० पासून तो भागधारकाच्या हातात करपात्र झाला, म्हणजे खरं तर कमी झाला. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या माणसाला हा तोटा प्रत्यक्ष सोसावा लागतो. त्यांना दुकानं वेगळी हवीत ती यासाठी, की कमावत्याची कमाई मग घरी येईल.

शेजारच्या काकूंचा मुलगा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये आहे. तो लॅपटॉप घेऊन येतो. प्रत्येक धंद्याला वेगळी पट लावून, म्हणजे बाजार त्याच्या नफ्याच्या किती पट किंमत देईल ते धरून, त्याने बेरीज केली आहे, आणि बेरीज आजच्या बाजारमूल्याच्या बरीच वर जाते. अनेक धंदे एकाच छपराखाली असले की बाजार सगळ्यांना मिळून कमी भाव देतो, छप्पर काढा की किंमत खुलेल, असं त्याचं म्हणणं. मुलगा हुशार आहे आणि त्याची शीट नीटनेटकी आहे. पण त्या शीटमधला ‘दुकानांचा नफा’ हा आकडा त्याने तुमच्या निकालांतून जसाच्या तसा उचलला आहे.

तिसरं मत माझ्या मनात सर्वांत जास्त राहिलं. जांभळी नाक्याजवळ ज्यांचं पिढीजात किराणा दुकान आहे, अशा घरातली सून आमच्यात येते. तुमचं दुकान दीड किलोमीटरवर उघडलं त्या वर्षी तिने आपल्या कंपनीचे शेअर घेतले. म्हणाली, जो आपलं गिऱ्हाईक घेऊन चाललाय, त्याचा थोडा भाग तरी आपल्या घरात असू दे. दुकान वेगळं होवो किंवा न होवो, तिचा प्रश्न एकच आहे: आम्हाला ज्या भावाने तुमचा डिस्ट्रिब्युटर पीठ देतो, त्याच भावाने ते तुमच्या दुकानाला जातं का? नसेल, तर तुमच्या दुकानाचा नफा हा दुकान चालवण्याचा नफा नाही, तो गिरणीने दिलेल्या सवलतीचा नफा आहे.

तिच्या या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय काकांच्या अपेक्षेला आणि त्या मुलाच्या शीटलाही आधार नाही. कसा, ते मांडते.

पाच किलो पिठाची एक पिशवी घ्या. आकडे माझेच आहेत, हिशेब कळावा म्हणून धरलेले. गिरणीत ती पिशवी १९० रुपयांना पडते आणि दुकानात २४० ला विकली जाते. मधले ५० रुपये आपल्या कंपनीचे. पगार, वीज, भाडं तूर्त बाजूला ठेवू. गिरणीने पिशवी दुकानाला २०० ला दिली तर गिरणीचे १० आणि दुकानाचे ४०. तीच २२५ ला दिली तर गिरणीचे ३५ आणि दुकानाचे १५. कंपनीच्या गल्ल्यात दोन्ही वेळी पन्नासच. कंपनी एक आहे तोवर हा भाव म्हणजे एका डब्यातले पैसे दुसऱ्या डब्यात ठेवणं.

आता वेगळं व्हायची भाषा सुरू झाली की बाजार प्रत्येक डब्याला वेगळी किंमत लावतो. समजा दुकानांच्या नफ्याला ७० पट आणि गिरणीच्या नफ्याला ३० पट. पहिल्या भावाने दुकानाचे २,८०० आणि गिरणीचे ३००, मिळून ३,१००. दुसऱ्या भावाने दोन्हींचे प्रत्येकी १,०५०, मिळून २,१००. पीठ तेच, पिशवी तीच, गिऱ्हाईक तेच. आतल्या चलनावरचा दर बदलला आणि कागदावरचं मूल्य जवळजवळ एक तृतीयांश उतरलं. हा दर आज ठरवतं कोण? तुम्ही. तो दिसतो कुणाला? तुम्हालाच.

तुम्ही तो मुद्दाम फिरवता असा आरोप मी करत नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही आणि तसं वाटतही नाही. पण इंड-एएस १०८ या लेखा मानकानुसार विभागांमधल्या आपसातल्या व्यवहारांचा आधार काय, हे सांगावं लागतं, आणि आपल्या वार्षिक अहवालात त्यावर एकच ओळ आहे: व्यवहार बाजारभावाच्या जवळपासच्या दराने होतात. बाजारभाव कुठला? तुर्भ्याच्या घाऊक बाजारातला, डिस्ट्रिब्युटरला लागणारा, की दुकानातल्या कमाल किमतीतून काही टक्के वजा करून काढलेला? या तिन्हींत पिशवीमागे पाच-दहा रुपयांचा फरक सहज पडतो. आणि पाच-दहा रुपयांना सत्तर पटीने गुणलं की काय होतं, ते वर आलंच आहे.

वेगळं झाल्यानंतर हा दर आणखी महत्त्वाचा होईल. आज प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्या मुख्य मालकांचा, दोन्ही धंद्यांतला हिस्सा सारखाच आहे, विभाजनाच्या दिवशीही तो सारखा असेल. पुढे दुकानांच्या कंपनीत परदेशी भागीदार आला, प्रवर्तकांनी एकीकडचा हिस्सा थोडा विकला, की पिठाचा दर ही दोन वेगळ्या मालकांमधली गोष्ट होईल आणि तो ठरवणारे हात मात्र एकच राहतील. कंपनीच्या नावाचंही तसंच. पिशवीवर आणि दुकानाच्या पाटीवर नाव एकच आहे. ते कुणाच्या मालकीचं राहणार? दुसरी कंपनी त्याची रॉयल्टी देणार असेल तर किती? संबंधित पक्षाला, म्हणजे त्याच प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीसारख्या कुणाला, दिलेली अशी रॉयल्टी एकत्रित उलाढालीच्या ५ टक्क्यांवर गेली की शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांप्रमाणे भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधितांना तिच्या बाजूने मत देता येत नाही. ५ टक्क्यांच्या आतली रॉयल्टी मात्र आम्हाला विचारल्याशिवाय ठरू शकते. किराण्यासारख्या पातळ मार्जिनच्या धंद्यात उलाढालीच्या तीन-चार टक्केसुद्धा फार झाले.

दुकानांकडे येते. घोडबंदर रोडवरच्या आपल्या दोन्ही दुकानांत मी महिन्याचा किराणा भरते, मुलगी त्या बाजूला राहते म्हणून. पहिलं दुकान उघडलं तेव्हा शनिवारी संध्याकाळी बिलाच्या रांगेत अर्धा तास जायचा. मग तुम्ही एक किलोमीटरवर दुसरं उघडलंत. आता रांग दुसरीकडे आहे आणि पहिल्यात दुपारी मसाल्याच्या रॅकजवळ मी एकटी उभी असते. निकालांत मात्र दुकानांची विक्री वाढलेली दिसते, कारण दुकानं वाढली आहेत. जुन्या दुकानांची विक्री वाढली की घटली, ते कुठेच कळत नाही. वागळे इस्टेटमध्ये, म्हणजे आमच्याच गावात कॉर्पोरेट कार्यालय असलेली डीमार्टची कंपनी २४ महिने किंवा अधिक जुन्या दुकानांच्या विक्रीतली वाढ वेगळी सांगते. दर चौरस फुटामागे किती विक्री झाली हेही सांगते. तिला जमतं ते आपल्याला न जमण्यासारखं काही नाही. तुमच्या संगणकावर प्रत्येक दुकानाचं प्रत्येक बिल आहे.

भाड्याचा मुद्दा थोडा किचकट आहे, पण तो सोडता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे भाडेकरारांचं लेखा मानक लागू झालं. त्यानंतर लांब मुदतीने भाड्याने घेतलेल्या दुकानाचं भाडं बहुतांशी खर्चात ‘भाडं’ म्हणून दिसत नाही. ते घसारा आणि व्याज या दोन खात्यांत विभागलं जातं. तुम्ही सादरीकरणात ज्या एबिटाचा आलेख लावता, तो घसारा, व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा असतो. म्हणजे भाडं दरमहा जातंच आहे आणि आलेखात ते नाही. डीमार्टचा भर स्वतःच्या मालकीच्या जागांवर, आपली दुकानं जवळजवळ सगळी भाड्याची. दोन्हींचे एबिटा शेजारी ठेवून ‘आम्हीही तेवढेच कमावतो’ असं म्हणणं बरोबर नाही. त्या ऐरोलीच्या मुलाने नेमकी हीच तुलना केली होती. मी त्याला भाडं वजा करून आकडे मांडायला सांगितले. त्या रविवारी तो फार बोलला नाही.

आणि तेल. आपल्या निकालांत तेल, पीठ, मसाले आणि फरसाण हे सगळं ‘खाद्यपदार्थ’ या एकाच विभागात आहे. मानकात सारख्या स्वरूपाचे धंदे एकत्र दाखवायची मुभा आहे, पण तेल आणि मसाला हे सारख्या स्वरूपाचे धंदे कसे? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं, आणि त्यावरचं आयात शुल्क सरकार एका रात्रीत बदलतं. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं प्रत्यक्ष शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं. गणपती अजून घरोघरी, मंडपांत होते, दिवाळीची भाजणी-चकली पुढे होती. जांभळी नाक्यावर पंधरा किलोच्या डब्याचा भाव दुकानदारालाच नीट सांगता येत नव्हता. ज्या कंपन्यांच्या टाक्यांत जुन्या शुल्काने आलेलं तेल होतं, त्यांना त्यावर आपोआप फायदा झाला. ३० मे २०२५ ला तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं आणि महाग घेतलेला साठा ज्यांच्याकडे होता त्यांना उलटा फटका बसला.

त्या दिवाळीच्या तिमाहीत आपल्या खाद्यपदार्थ विभागाचा नफा चांगला वाढला. तुम्ही त्याचं श्रेय ‘ब्रँडेड उत्पादनांची वाढती मागणी’ याला दिलंत. त्यात मसाल्याची मागणी किती आणि टाकीतल्या तेलाचं नशीब किती, हे सांगितलं नाहीत. मसाल्याचा नफा पुढच्या वर्षीही येईल अशी आशा धरता येते. शुल्कामुळे झालेला नफा पुन्हा येईल असं कुणी म्हणू शकत नाही. काकांना वाटतं की ‘कमावता मुलगा’ ठणठणीत आहे. असेलही. पण ज्या दिवशी दुकानं वेगळी होतील, त्या दिवशी काकांच्या हातात तेल, पीठ, मसाला आणि फरसाणाची कंपनी उरणार आहे. तिच्या पोटात नेमकं काय आहे, हे त्यांना आज कळायला हवं.

वेगळं होणं वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. आयटीसीने हॉटेलं वेगळी केली, ती १ जानेवारी २०२५ पासून. दर दहा शेअरमागे हॉटेल कंपनीचा एक शेअर मिळाला आणि ४० टक्के हिस्सा आयटीसीने स्वतःकडे ठेवला. आमच्या काकांकडे आयटीसी आहे. त्यांनी मिळालेले हॉटेलचे शेअर पहिल्याच आठवड्यात विकले. त्यांना त्यात पडायचं नव्हतं, आणि तो निर्णय त्यांनी माहितीवर घेतला, कारण आयटीसी कित्येक वर्षं दर तिमाहीत हॉटेलांची विक्री, नफा आणि मालमत्ता वेगळी दाखवत आली होती. एका विभागाने दुसऱ्याला किती माल दिला तेही त्याच तक्त्यात असतं. हिंदुस्तान युनिलिव्हरने आइस्क्रीमचा धंदा वेगळा काढला, तिथे एकास एक शेअर मिळाला. आइस्क्रीमला शीतसाखळी लागते, साबणाला लागत नाही. का वेगळं करायचं हे घरातल्या कुणालाही समजतं. आपल्या बाबतीत कारण अजून सांगितलेलं नाही. ‘मूल्य खुलं करणं’ हे धंद्याचं कारण होत नाही.

बाहेरचं एक उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. इंग्लंडमधल्या असोसिएटेड ब्रिटिश फूड्सकडे साखर आहे, ट्वायनिंग्जचा चहा आहे, ओव्हल्टिन आहे, २००७ पासून पटाक्सची लोणची आणि सॉस आहेत, आणि प्रायमार्क ही कपड्यांच्या दुकानांची साखळीही आहे. निम्म्याहून अधिक हिस्सा वेस्टन कुटुंबाच्या विटिंग्टन इन्व्हेस्टमेंट्सकडे. चहा-साखर आणि कपडे एकत्र का, हा प्रश्न तिथले गुंतवणूकदार कितीतरी वर्षं विचारत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की प्रायमार्क आणि खाद्यपदार्थ वेगळे करावेत का, याचा आढावा घेतला जात आहे. तिथेही बाजूने आणि विरुद्ध बोलणारे आहेत. एका बाजूचे म्हणतात, दुकानांची वाढ साखरेच्या चढउताराखाली झाकली जाते. २०२५ मध्ये साखरेचा नफा पुसलाच गेला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, एका धंद्याच्या वाईट वर्षात दुसऱ्याचा पैसा उपयोगी पडतो आणि तेच या कंपनीचं बळ आहे. मला दोन्ही पटतं. पण तिथल्या भागधारकाच्या हातात किराणा, साखर, घटक पदार्थ, शेती आणि दुकानं अशा पाच विभागांचे वेगळे आकडे आहेत, प्रत्येक विभागात गुंतवलेल्या भांडवलावर किती परतावा मिळाला तोसुद्धा. तो वाद घालतो तेव्हा पायाखाली जमीन असते. आम्ही रविवारी वाद घालतो तेव्हा अंदाजावर अंदाज रचतो.

आता घाई का, तेही सांगते. विभाजनाची योजना कंपनी कायद्याच्या कलम २३० ते २३२ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाते. मतदान करणाऱ्यांपैकी संख्येने बहुसंख्य आणि त्यांच्या शेअरच्या मूल्याने तीन चतुर्थांश बाजूने लागतात. प्रवर्तकांकडे निम्म्याहून अधिक हिस्सा असताना तिथपर्यंत पोचणं फारसं अवघड नाही. आणि योजनेला न्यायाधिकरणापुढे आक्षेप घ्यायचा तर किमान १० टक्के भागधारणा असावी लागते. आम्ही पाच जण सोडाच, ठाणे आणि नवी मुंबईतले तुमचे सगळे छोटे भागधारक एकत्र आले तरी १० टक्के होतील का? आम्हाला बोलायची खरी वेळ आत्ता आहे, योजना कागदावर उतरण्याआधी. तिथे पोचल्यावर आमच्या हातात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’चं बटण उरतं.

म्हणून मागणी करते. संचालक मंडळाने कोणताही निर्णय घेण्याआधी मागच्या तीन वर्षांचे, म्हणजे बारा तिमाहींचे आकडे पुन्हा मांडून द्यावेत. त्यात तेल वेगळं असावं, पीठ-मसाले वेगळे, फरसाण वेगळं आणि दुकानं वेगळी. दुकानांना आपल्याच कारखान्यांतून गेलेला माल किती आणि कोणत्या दराने, आणि त्याच मालाला त्याच तिमाहीत बाहेरच्या डिस्ट्रिब्युटरला लागलेला दर काय, हे शेजारी शेजारी द्यावं. दुकानांचा नफा प्रत्यक्ष दिलेलं भाडं वजा करून दाखवावा. दोन वर्षांहून जुन्या दुकानांची विक्री वेगळी सांगावी. कर्ज कोणत्या कंपनीकडे किती जाणार आणि नाव कुणाचं राहणार, हे योजनेच्या मसुद्यात पानांमागे दडलेलं न ठेवता पहिल्या पानावर असावं. लेखापरीक्षण समितीने आतल्या दरांची पद्धत तपासून आपला शेरा त्याला जोडला तर अधिक बरं. यातली कोणतीही माहिती नव्याने गोळा करावी लागणार नाही. ज्या कारखान्यात मी होते, तिथे आम्ही ती दर महिन्याच्या सात तारखेला साहेबांच्या टेबलावर ठेवत होतो.

आणखी एक विनंती आहे. कंपनी कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीला छोट्या भागधारकांनी निवडलेला एक संचालक घेता येतो. एक हजार छोट्या भागधारकांनी किंवा त्यांच्यापैकी एक दशांश जणांनी, यांतली जी संख्या कमी असेल तितक्यांनी, नोटीस दिली तर ही प्रक्रिया सुरू होऊ शकते, आणि कंपनी ती स्वतःहूनही करू शकते. २०,००० रुपयांपर्यंत दर्शनी मूल्याचे शेअर असणारा तो छोटा भागधारक. आपल्या दोन रुपयांच्या शेअरच्या हिशेबाने दहा हजार शेअरपर्यंतचे सगळे त्यात येतात. पिठाचा दर ज्या बैठकीत ठरणार आहे, तिथे ज्याला दोन्हीकडे सारखंच मिळणार आहे असा एक तरी माणूस असावा. नोटिशीसाठी सह्या गोळा करायची वेळ येऊ नये, तुम्ही आपणहून करावं, असं मनापासून वाटतं.

मी शेअर विकणार नाही. घोषणेनंतर भाव चढला तेव्हा मुलगी म्हणाली, आई, निम्मे तरी काढ. काढले नाहीत. ट्रंकेतली ती सर्टिफिकेटं डिमॅटला देताना मागच्या बाजूला सासऱ्यांनी पेन्सिलने लिहिलेलं वाचलं होतं: ‘तेलाचा धंदा, वाईट वर्षं येतील, विकू नये.’ ते हिशेबाच्या वहीत प्रत्येक लाभांश तारखेसह लिहीत. त्यांना या धंद्यात काय चाललंय ते कळत होतं, कारण तेव्हा धंदा एक होता आणि ताळेबंद चार पानी होता.

या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नका. ज्या माहितीने शेअरचा भाव हलू शकतो ती एका भागधारकाला आधी कळणं योग्य नाही, नियमातही बसत नाही. जे सांगायचं ते स्टॉक एक्स्चेंजवर टाका, म्हणजे ऐरोलीच्या मुलाला, काकांना, जांभळी नाक्यावरच्या सुनेला आणि मला एकाच वेळी वाचायला मिळेल. पुढच्या तिमाहीचे निकाल ती संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत यायचे आहेत. त्यांच्यासोबत आलं तरी चालेल.

आपली,
नौपाडा, ठाणे येथील एक भागधारक